इंजिन गार होईपर्यंत

"इंजिन उघडावं लागेल," तपासनीस म्हणाला, आणि मिस्त्रीच्या पाचावर धारण बसली.

त्याची लेक शर्यत जिंकून नुकतीच गाडीतून उतरली होती. कपाळावरचा हेल्मेटचा वळसुद्धा अजून गेला नव्हता. आणि दुसरा आलेला तो दातांचा डॉक्टर शेडच्या दारात उभा राहून साऱ्या जगाला ऐकू जाईल असं बोलत होता, "माझी गाडीही तीच, इंजिनही तेच. वळणातून बाहेर पडताना ते असं सुटूच शकत नाही. आत काहीतरी गडबड आहे!"

क्लब हौशी माणसांचा. नियम साधा होता : इंजिन कंपनीनं दिलं तसंच ठेवायचं. कुणी तक्रार केली तर उघडून दाखवायचं, तेही ज्यानं बांधलं त्यानंच, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या कुणी पान्याला हात लावायचा नाही. म्हणजे चोरी केली असेल तर चोरानंच आपल्या हातानं ती काढून द्यायची. काय पण रीत!

आणि मिस्त्रीनं चोरी केली होती. व्हॉल्व्ह उघडणारा कंपनीचा कॅमशाफ्ट काढून त्यानं गुपचूप दुसरा बसवला होता, स्वतः घासून घडवलेला. त्यामुळे व्हॉल्व्ह केसभर जास्त उघडायचे आणि गाडीला जोर यायचा. दिसायला दोन्ही सारखेच. पण तपासनिसाच्या मापाच्या डायलला केसभरही दिसतं. एरवी चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस तो, नजरेतून काही सुटायचं नाही.

तपासनिसानं इंजिनावर तळहात टेकवला आणि झटकन उचलला. "अजून गरम आहे. तापलेलं लोखंड खोटं माप देतं. थांबू या."

थांबणं आलं. मिस्त्री स्टुलावर बसला. बंदी येईल, नाव जाईल, चार लोकांत छी-थू होईल. होऊ दे. त्याला खरी धास्ती वेगळीच होती. पोरगी दर शर्यतीत चौथी नाहीतर पाचवी यायची, हसत घरी यायची, आणि ते त्याला बघवत नव्हतं. म्हणून केला होता हा उद्योग. आता झाकण निघालं की तिला कळणार, आपल्या बापाचाच आपल्यावर भरवसा नव्हता.

ती पाण्याची बाटली घेऊन आली. "घ्या बाबा. तुमचा चेहरा बघून इंजिनालाच घाम फुटायचा."

त्यानं बाटली घेतली. सांगून टाकावं का? जरा बाहेर चल गं, एवढंच तर म्हणायचं होतं. ती समोर उभी होती, जायची काही घाई दिसत नव्हती तिला. तो दोन घोट पाणी प्यायला. बाटली त्यानं तशीच परत दिली.

"हं, झालं गार," तपासनीस म्हणाला.

मिस्त्रीनं पाना उचलला आणि तो हातातून निसटून खणकन फरशीवर पडला.

"हात का हो थरथरतायत?" डॉक्टरनं विचारलं.

"तुम्ही जवळ उभे आहात ना," लेक म्हणाली. "भल्याभल्यांचे थरथरतात."

शेडमध्ये हशा पिकला. मिस्त्रीला हसू आलं नाही. एकेक बोल्ट सोडवून त्यानं झाकण उचललं आणि बाजूला झाला. तपासनिसानं डायल लावली आणि इंजिन हळूहळू फिरवायला घेतलं. काटा हलला तसे मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

"कंपनीचाच आहे."

डॉक्टरनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. "नियमात बसतंय. निकाल कायम," तपासनीस म्हणाला. टाळ्या पडल्या. डॉक्टर तसा माणूस वाईट नव्हता, "माफ करा हं, मला आपलं वाटलं," म्हणून हात मिळवून गेला. बाकीचेही त्याच्यामागून बाहेर पडले.

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. कॅमशाफ्टच्या टोकावर कंपनीचा शिक्का. त्यानं स्वतः काढून गॅरेजमध्ये चिंध्यांखाली दडवलेला, तोच. खरं तर आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तसं झालं नाही. गॅरेजची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती.

लेक खाली बसून झाकण पुसत होती. "तुम्ही आत्याकडे गेला होतात ना, तेव्हा व्हॉल्व्हची फट बघायला मी हे झाकण काढलं होतं," ती हळूच म्हणाली. "फट जुळेना, म्हणून कॅमशाफ्ट काढला. हातात घेतल्याबरोबर कळलं, हे काम कुणाचं. शिकवलंय तुम्हीच. मग चिंध्यांखालचा कंपनीचाच परत बसवला."

"मग... बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मघाशी पाणी घेऊन आले, तेव्हासुद्धा वाटलं, आता तरी सांगतील."

त्यानं एक बोल्ट उचलला. तो काही केल्या भोकात बसेना.

"मला नुसतं चालवून जिंकता येणार नाही, असं वाटलं होतं ना तुम्हाला?"

"तसं नाही गं, मी आपलं..."

तिनं झाकण खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"खरं काय ते सांगा, बाबा. आता इथं कुणी मोजत नाहीये."