पायलचं तिसरं म्युझियम

यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटा निंघाला तं माया तोंडातले उरलेले तीन दात आज सांजच्याले गळून पडो!

दुपारचे दोन वाजले होते अन् पायल अकोल्याच्या भर रस्त्यावर उभी होती. मे महिना. ऊन असं का एसटीच्या टपावर ठिवलेल्या कैऱ्या अमरावतीहून निंघाल्या तवा हिरव्याकंच होत्या, अकोल्याले उतरवल्या तं आंबे झालते. पोट्टी महाबळेश्वरची. एकटीच फिरून राहिली होती. पाठीवर घरभर सामानाची सॅक, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन म्युझियमची नावं.

सकाळी अमरावतीचं पाहून झालं. तिथं जुन्या मूर्त्या होत्या. एका दगडी देवाच्या कपाळाले घाम आलता, तिनं सोता पुसला. दुसरं म्युझियम हे समोरचं, शेतीच्या जुन्या सामानाचं. अन् तिसरं गावाच्या पार त्या टोकाले, पाचले बंद होनारं. थ्या तिसऱ्यासाठीच पोट्टी इतक्या दूर आलती. तिचा आजा तरुणपनी अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाले होता. तिसऱ्या म्युझियमात जिनातल्या मजुरांचा फोटो होता, अन् त्यात तिचा आजा. घरी त्याचा एक बी फोटो नाई. पोट्टीनं आज्याचं तोंडच पाह्यलं नवतं. अन् उद्यापासून थे म्युझियम दुरुस्तीसाठी सा महिने बंद.

समोरच्या गेटले कुलूप होतं. तितक्यात तेल्हाऱ्याची एक बुढी तिथून चालली होती. दवाखान्यात डोये दाखवून पायीच बस स्टँडकडे निंघालती. डोक्यावर ना पदर, ना रुमाल. वऱ्हाडात जन्मलेल्याले कुठी ऊन लागते काय!

"आजी, हे म्युझियम कधी उघडतं?" पायलनं इचारलं.

"मले काय मालूम, बाई? वखर न् तिफन पाहाले तिकीट काहून काहाडता? आमच्या घरी चाल, फुकट दाखवतो." बुढीनं तिच्याकडं निरखून पाह्यलं. "कुठची तू?"

"महाबळेश्वरची."

"ओ माय! तिकडं मे महिन्यात बी स्वेटर घालतेत म्हने. तुयं काही खरं नाई आज."

बुढी खदखदा हासून राहिली होती, अन् धपकन आवाज झाला. पायल आडवी. डोये पांढरे, आंग तव्यावानी तापलेलं. तोंडानं नुसतं चालू, "मले काई नाई झालं वो, मले काई नाई झालं."

रस्त्यावर चिटपाखरू नवतं. सॅक तिथंच टाकली, पाठीवर मानूस घेतलं अन् गेट धाडधाड वाजवलं. आतून चौकीदार देवीदास आला, हातात भाकरीचा तुकडा.

"जेवनाची सुट्टी हाय. तीनले या."

"तीनले उघडशीन, तं हिलेच काचंत ठिवा लागन!"

देवीदासच्या हातची भाकर खाली पडली. त्यानं कुलूप उघडलं.

आत जाड भिंती, मोठा कुलर. कापसातली सरकी काहाडाच्या जुन्या रेच्यासमोर फरशीवर तिले निजवलं. देवीदास पयत जाऊन रस्त्यावरची सॅक घेऊन आला. सॅकीतून मीठ-साखरेच्या पावडरीची पुडी निंघाली, थे पान्यात कालवून घोट घोट पाजली. ओला दुपट्टा डोक्यावर, ओला रुमाल काखेत. देवीदासनं आपल्या डब्यातला कांदा बुक्कीनं फोडून नाकाशी धरला. बुढीनं पायलचं डोकं मांडीवर घेतलं अन् हातपंख्यानं वारा घालत बसली.

चार वाजले. देवीदासनं घड्याळाकडं पाह्यलं. चिठ्ठी त्यानं बी वाचली होती, अन् आज्याच्या फोटोची गोष्ट बी आयकली होती.

"बाई, ऑटो बलावू काय? आता निंघालं तं तिसरं म्युझियम भेटन."

"नाई," बुढी म्हने. "जीव थाऱ्यावर आल्याबिगर हे मांडी हालनार नाई."

साडेचार झाले. पावनेपाच झाले. मांडीले मुंग्या आल्या असतीन, पन मांडी काई हालली नाई. पाच वाजले. गावाच्या त्या टोकाले कुलूप लागलं.

मंग कुठी आंगातली काहिली उतरली. डोये उघडले. देवीदासनं चहा आनला. त्याले वाईट वाटून राहिलं होतं. "आज्याचा फोटो राह्यला ना, बाई," म्हने.

पायल हासली. डोये पानावले होते, पन हासली.

"फोटो कुठं जात नाही हो, दादा."

सांजच्याले बुढी तेल्हाऱ्याच्या बसमंधी बसली. पायल खिडकीखाली उभी राहून, बस हालेपर्यंत, पानी पेत राहा म्हनून सांगत होती.

थ्या पोट्टीचं भलं होवो. सा महिन्यानं म्युझियम उघडन तवा तिच्या आज्याचं तोंड तिले पयल्याच नजरंत सापडो. तिच्या रस्त्यावर जिथं जिथं ऊन असन, तिथं कोनीतरी गेट उघडनारं भेटो.

आता राह्यलं एक. यातली एकच बारकी गोष्ट मनानं घातली. तेल्हाऱ्याच्या बाईले अकोल्याचं ऊन लागलं, हे चारचौघात सांगाले जीभ उचलत नवती. भोवळ पायलले आलीच नवती.

मांडी तिची होती. डोकं माहं होतं.