काम क्षणाचं, तयारी दहापट

“सूनबाई, आज तरी पाचला ये. नव्या चष्म्यावाचून माझं वाचन अडलंय,” असं सासऱ्यांनी सकाळी बजावलं होतं, आणि तिनं शब्दही दिला होता. नेमक्या आजच ऑफिसात चाळीस हजार ईमेल तुंबल्या.

“नवा सर्व्हरच घ्यावा लागणार!” साहेबांनी कपाळाला हात लावला.

तिनं शांतपणे ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरमध्ये डोकावून पाहिलं. सर्व्हर दर ईमेलसाठी एक नवा प्रोग्राम उठवत होता. तो प्रोग्राम बिचारा ईमेल पाठवायचे सगळे नियम पहिल्यापासून वाचायचा, एकच ईमेल पोचवायचा आणि संपायचा. पुढच्या ईमेलला पुन्हा नवा!

“साहेब, काम क्षणाचं, तयारीच दहापट,” ती हसली. तिनं वीस प्रोग्राम कायमचे उभे ठेवले. एक ईमेल गेली की प्रत्येकानं लगेच दुसरी उचलायची. साडेचारला रांग रिकामी.

“कमाल केलीत, मॅडम! दोन मिनिटांत सगळ्यांना समजावून सांगा. त्यासाठी बैठक बोलावू. आधी विषयपत्रिका करू, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचू...”

साहेब खुर्च्या मोजायला लागले, तशी तिनं ती दोन मिनिटं फळ्यावर तीन ओळींत लिहिली, पर्स खांद्याला अडकवली आणि पावलं न वाजवता सासऱ्यांना चष्म्याच्या दुकानात न्यायला निघाली.