ऐकू येणारा अर्ज

"बटण," संगणक म्हणाला. "बटण. बटण. प्रतिमा एक्केचाळीस. बटण."

मास्तर खुर्चीत रेलले. "काय रे, विवाहनोंदणीची वेबसाइट म्हणालास ना? हे तर शिंप्याचं दुकान निघालं."

वेबवाल्याचा चेहरा पडला. नोंदणी कार्यालयाची ही वेबसाइट त्याने एकट्याने बनवली होती आणि सहा महिने तो तिचं कौतुक सांगत फिरत होता. आज तर ती मुद्दाम दाखवायला आला होता, कारण मास्तरांची मुलगी त्याला बायको म्हणून हवी होती आणि मास्तर काही केल्या हो म्हणत नव्हते.

मास्तर म्हणजे टायपिंगचे मास्तर. बायको आधीच गेलेली, आठ वर्षांपूर्वी दृष्टीही गेली, पण बोटांचा वेग तसाच होता. पडद्यावरचं सगळं संगणक त्यांना वाचून दाखवायचा. आता वेबवाल्याने बटणांना नावंच दिली नव्हती, तर तो बिचारा काय वाचणार?

"काका, अर्ज मी भरून देईन ना."

"माझा अर्ज तू का भरणार? माणसाचं काही खासगी असतं की नाही?" मास्तर म्हणाले. "हा अर्ज मला एकट्याला, कुणालाही न विचारता भरता आला, की त्याच दिवशी या घरातलं लग्न ठरलं म्हणून समज."

दारात उभ्या मुलीने त्याला डोळा मारला. वेबवाला तरंगतच घरी आला.

घरी आई वाट बघत होती. वडील गेल्यापासून ही दोघंच. दोन्ही घरांची ओळख झाली तेव्हापासून मास्तरांची समजूत घालायचं काम आईनेच अंगावर घेतलं होतं. दर रविवारी सकाळी जायची, ती संध्याकाळी यायची. "अजून थोडा वेळ लागेल," म्हणायची. आईने मुलासाठी इतके खेटे घालावेत! त्याला भरून यायचं.

"मग लाग की कामाला," सगळं ऐकून आई म्हणाली. "आणि ते तारखेचं कॅलेंडर काढून टाक. त्यांना नाही जमत. साधा रकाना दे."

पडदा बंद करून, नुसतं ऐकत वेबवाला स्वतःच अर्ज भरायला बसला. दहाव्या मिनिटाला त्याची जन्मतारीख लग्नाच्या तारखेच्या जागी जाऊन पडली. "लाल रंगातले रकाने भरणे आवश्यक," संगणक म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. ऐकणाऱ्याला लाल काय नि हिरवं काय! पुढे वेडेवाकडे अंक ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं होतं. ते त्याला चारदा जमलं नाही.

इतकी माणसं आपण दाराबाहेर ताटकळत ठेवली, हे त्याच्या मनाला फार लागलं. लग्नाचं एक वेळ बाजूला राहू दे, पण हे नीट करायचंच, असं त्याने ठरवलं. तीन आठवडे तो धड जेवला नाही. प्रत्येक बटणाला नाव दिलं, प्रत्येक चित्राला दोन ओळी लिहिल्या, कॅलेंडर आणि ते वेडेवाकडे अंक काढून टाकले, चूक झाली तर कुठे झाली ते शब्दांत सांगायची सोय केली.

परीक्षेच्या दिवशी आई पंच म्हणून मास्तरांच्या शेजारी बसली. मास्तरांनी हेडफोन चढवले. दोघा तरुणांची रवानगी स्वयंपाकघरात झाली.

बाहेर टकटक सुरू होती. मध्येच थांबली, तसा वेबवाला दाराशी सरकला.

"फोन नंबरात एक आकडा कमी आहे म्हणतोय," मास्तर आत ऐकू जाईल असं म्हणाले. "हे बरं केलंस. चूक दाखवतोय, पण अपमान करत नाही."

टकटक पुन्हा सुरू झाली. मग हाक आली, "दाखल झाला!"

दोघं धावत बाहेर आली. आई पदराने डोळे पुसत होती. मास्तरांचा चेहरा नुसता फुलला होता.

"कुणाची मदत नाही, काही नाही," ते म्हणाले. "मी शब्दाला पक्का आहे. ठरलं लग्न!"

मुलीने आनंदाने त्याचा हात धरला. वेबवाल्याने कौतुकाने पडद्यावरची पावती उघडली. वराच्या रकान्यात मास्तरांचं स्वतःचंच नाव होतं. एवढी मेहनत करून एक चूक राहिलीच म्हणायची, असं वाटून तो हसला आणि त्याने वधूचा रकाना वाचला.

तिथे त्याच्या आईचं नाव होतं.