इकडची राहिली

सलूनमध्ये कोणी नसेल अशी भर दुपारची वेळ साधून मास्तर आले. खुर्चीत बसले तरी मफलर सोडेनात. सलूनवाल्याने टॉवेल झटकला, दार लोटून घेतलं आणि उगाच कात्र्या पुसत उभा राहिला. मग मास्तरांनीच मफलर काढला.

डावा गाल त्यांचा राहिलाच नव्हता. कॅन्सरने खाल्लेला भाग डॉक्टरांनी काढून टाकला होता आणि छातीवरचं मांस कातडीसकट तिथे आणून शिवलं होतं. या वयात एवढं मोठं ऑपरेशन झेपेल का, असं सगळेच म्हणत होते. झेपलं. फक्त छातीवरचे केसही सोबत आले आणि गालावर वाढत राहिले.

"म्हणजे आता छातीवर हात ठेवून सांगायचं झालं, तर मास्तरांना गालाला हात लावावा लागणार," सलूनवाला म्हणाला.

मास्तर हसले. तोंड एकाच बाजूने हललं. जन्मभर वर्गात खडे बोल सुनावणाऱ्या त्या तोंडातून आता शब्द नीट फुटत नसत, म्हणून त्यांनी बोलणंच आटोपतं घेतलं होतं. घरी मुलगा दाढीचं मशीन फिरवायचा, तेही हातमोजे घालून. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलं होतं. सून प्रेमाने विचारपूस करायची, पण दारातून. कोणाचं काही चुकत होतं असं नाही.

सलूनवाल्याने फेस केला. शिवणीच्या कडेकडेने, श्वास रोखून, हलक्या हाताने वस्तरा फिरवला. लागलं तर सांगा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"तिकडं काही कळत नाही," मास्तर कसेबसे म्हणाले. सलूनवाल्याला कळायला ते दोनदा सांगावं लागलं.

मग तो उजवीकडे आला. अंगठ्याने कातडी ताणली, बोटं कानामागे टेकवली. उघडी, ओलसर, उबदार बोटं. मास्तरांचे खांदे हळूहळू खाली आले.

दाढी झाली. तोंड पुसून झालं. सलूनवाल्याने खुर्ची वळवली, पण मास्तर उठले नाहीत. त्यांनी उजव्या गालाकडे बोट केलं.

"इकडची राहिली."

त्याने तळवा फिरवून पाहिला. गाल काचेसारखा गुळगुळीत होता. त्याने आरशात मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांनी नजर खाली वळवली.

"राहिली खरी," तो म्हणाला. "हल्ली मला नीट दिसत नाही."

त्याने वस्तऱ्यातलं ब्लेड काढून बाजूला ठेवलं, दुसरं घातलं नाही, आणि ब्रश पुन्हा कोमट पाण्यात बुडवला.