भाव येईपर्यंत

"होळी झाली. आता कायची वाट पाहून राह्यले तुमी?" इंदुताईंनी पलंगावरूनच विचारलं.

"भाव चढन," नानाजी म्हणाले, आणि कापसावरची चादर उचलून खाली हात घालून तो मोकळा करू लागले. रोज संध्याकाळी हेच. बायकोच्या पायाला या माणसानं कधी एवढा मायेचा हात लावला नसेल, असं इंदुताईंच्या मनात आलं.

दिवाळीला त्या नागपूरच्या दवाखान्यातून परतल्या तेव्हा घर कापसानं भरलेलं होतं. त्या साली गावात घरोघरी हीच तऱ्हा. भाव पडलेला, म्हणून माणसं अंगणात आणि कापूस घरात. पण होळीपर्यंत सगळ्यांनी हात टेकले आणि मिळेल त्या भावाला माल विकला. नानाजी तेवढे अडून बसले. पलंगापासून मोरीपर्यंत जेमतेम एक वाट, इतकी चिंचोळी की दोन्ही बाजूंनी कापूस अंगाला लागे. खिडकी त्यामागे बुजून गेलेली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं होतं. वायरीवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं नसांवरचं आवरण जातं, पाय आज ऐकतो, उद्या ऐकत नाही. गाव त्याला लकवा म्हणून मोकळं झालं. नानाजींनी आर्णीहून काठी आणली, ती इंदुताईंनी चुलीत घातली. "मले लंगडी करून बसवता का?"

नानाजी मुळात कमीच बोलत. आदल्या वर्षी इंदुताई हट्टानं बसवून घेतलेल्या नव्या फरशीवर आपटल्या, मनगट मोडलं, तेव्हाही ते नुसते फरशीकडं बघत राहिले होते.

आता चैत्राचं ऊन तापलं होतं. खिडकीपलीकडं रस्ता होता, बोलणारी माणसं होती. इथं कोंदट वास आणि अंगाला खाज. दिवसातून एकदा तरी पाय दगा देई, इंदुताई ढिगात लवंडत आणि नवऱ्याला शिव्या घालत उठत. या माणसाच्या हावेनं आपल्याला जिवंतपणी गाडलं, असं त्यांना वाटे आणि रडू येई.

नानाजी लग्नाला फुलसावंगीला गेले, त्या दिवशी इंदुताईंनी शेजारच्या तानाबाईकरवी अन्सारला निरोप धाडला. अन्सार आर्णीचा कापूस व्यापारी, नानाजींचा माल वर्षानुवर्षं त्याच्याकडंच जाई. तो गाडी घेऊन आला आणि दारातच थबकला.

"वैनी, नानाजीले इचारलं का?"

"घर माहंही हाय. भाव नको सांगू, सगळा उचल. मले खिडकी पायजे."

अन्सारनं चादर बाजूला केली आणि आतून मूठभर कापूस उपसला. पिवळा पडलेला, काळ्या ठिपक्यांचा. त्यानं तो हलकेच परत ठेवला.

"हा तुमचा कापूस न्हाय, वैनी. तुमचा त तुमी नागपूरले होत्या तवाच नानाजीनं माह्याकडं घातला, पडत्या भावात. हा माहा भिजलेला माल हाय. फेकाले काढला होता, थो अख्खा भरून आणला त्यायनं."

"कायले?"

अन्सारनं पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेकडं पाहिलं.

"म्हने, घरची पडते. खाली फरशी हाये."