मामा

पुलाखालून आणलेली चिमणी झोपेत एकच ओरडायची, "मामा, मारू नका! उठते मी, जाते इथून!"

म्हणून तिचा मामा तिला न्यायला आला, तेव्हा बालगृहाच्या ताई दार अडवूनच उभ्या राहिल्या. "मामा आलाय," एवढं ऐकूनच पोरगी कॉटखाली शिरली होती.

"गेलेल्या बहिणीची एवढीच खूण आहे हो. कुठे कुठे शोधलं हिला," तो गयावया करत होता.

"मामा कसले, कंस आहात! पुन्हा फिरकलात तर पोलिसांना बोलवीन."

तो खाली मान घालून गेला. कुठे, ते कुणी विचारलं नाही.

आठवड्याने मुलांची विचारपूस करायला हवालदार आला. चिमणी पुन्हा कॉटखाली.

"ताई, मामा आला! काठी पण आहे!"

"अगं, हे तर पोलीस."

"तेच मामा. फुटपाथवर झोपलं की मारून उठवतात."

ताई कॉटशेजारी खाली बसल्या. "आणि तुझ्या आईचा भाऊ?"

"दादा?" चिमणी पहिल्यांदाच हसली. "आईसारखं मीपण त्याला दादाच म्हणते. तो येणारे मला न्यायला. मी झोपलेली असले, तर उठवाल ना?"