पट्टा काढल्यावर

आई, बाबा आणि मुलगी अशा घरच्या तिघांना बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. कायदाच तसा होता. बोलक्या जनावराला कायमचं निजवायचं तर वेदना असह्य असायला हव्यात, आणि तसं त्यानं एकट्यानं, स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं.

टेबलावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घरात सगळे आबा म्हणत. मागचे पाय गेले होते, बाकी गडी खणखणीत होता. गळ्यातल्या पट्ट्यावरच्या इवल्याशा स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"हो लिहा, डॉक्टरबाई. वेदना असह्य आहेत."

"आबा, मी आत्ताच तपासलंय तुला. गोळ्या घेतल्यास तर आरामात दोन वर्षं काढशील."

"म्हणजे दोन वर्षं बाबांनी मला उचलून तीन जिने चढ-उतार करायची? त्यांची कंबर आधीच धरलीय."

"ते असं म्हणाले?"

"तोंडावर कशाला म्हणतील? भली माणसं आहेत. असलं काही बोलायचं असलं की आधी माझा पट्टा काढतात. पट्टा काढला की मला बोलता येत नाही. ऐकू येतं, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही."

बाहेर जाऊन त्या तिघांना चांगलं फैलावर घ्यावं, असं बाईंना वाटलं. पण भिंतीपलीकडून मुलीचं मुसमुसणं ऐकू येत होतं, आणि ते काही नाटक नव्हतं.

"मी खोटं लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "तुला घरी पाठवते."

"पाठवा. जेवणं झाली की आई पट्टा काढून खुंटीला लावेल. मग बाबा विचारतील, आता याचं पुढं काय करायचं? आणि मी डोळे मिटून पडून राहीन. याला तुमच्या कागदावर कुठला रकाना आहे?"

बाईंनी पेन उचललं, 'हो'वर खूण केली आणि आबाचा पंजा शाईत बुडवून कागदावर टेकवला. मग त्या दाराकडे निघाल्या.

"बाई, एवढं एक करा," आबा मागून म्हणाला. "ते आत आले की कोणाला पट्ट्याला हात लावू देऊ नका. शेवटपर्यंत असू द्या. पट्टा असला की फार गोड बोलतात हो."